फॉर्मात २७५, लॉगबुकात २५३

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी २५ वर्षांचा आहे, सिंहगड रोडला राहतो. अमेरिकेत ॲरिझोनात फ्लाइंग केलं, तिथलं कमर्शियल लायसन्स घेतलं. परत येऊन तिथलं लायसन्स इथलं करून घेण्यासाठी बारामतीला कन्व्हर्जनचं फ्लाइंग केलं आणि पाच महिन्यांपूर्वी डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) हातात आलं. मागच्या आठवड्यात एका विमान कंपनीची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिकासाठी, भरती निघाली. उड्डाणाचे किमान २०० तास मागितले होते. शेवटच्या दिवशी रात्री घाईत फॉर्म भरला. टोटल २७५, पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून उडालेले) १५५, गेल्या सहा महिन्यांतले १५.

काल कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं. पंधरा दिवसांनी जायचंय. लॉगबुकं काढून बसलो तर आकडे जुळेनात. अमेरिकेच्या लॉगबुकात शेवटी २५४.० आहे, पण त्यात सिम्युलेटरचे २२.४ धरलेत. बारामतीचे तास मी एक्सेलमध्ये टाकले होते, तिथं बेरीज १८.२५ आली. लॉगबुकात मात्र २१:४५ आहे. दोन्ही मिळून २७२ होत होते, मी २७५ केले. पीआयसी अमेरिकेचे १४९.३, त्यात बारामतीचे मिळवून १५५ लिहिले. लायसन्सच्या अर्जाच्या वेळी स्कूलच्या ऑफिसातल्या सरांनी टोटल २५३ काढली होती. मी तेव्हा नुसती सही केली.

मित्र म्हणतो, गप्प बस, सगळेच वीस-तीस तास चढवतात, कोण बसतंय मोजत. दुसरा म्हणतो, अर्जच मागे घे. बाबा सहकारी बँकेतून रिटायर झालेत. माझ्या फ्लाइंगसाठी राहतं घर गहाण आहे. त्यांना सांगायची हिंमत होत नाही. मी खोटारडा ठरलो का? काय करू?

– एक वैमानिक, पुणे

उत्तर

प्रिय मित्रा,

अर्ज मागे घेऊ नकोस आणि गप्पही बसू नकोस. येत्या तीन-चार दिवसांत सगळे तास पहिल्या पानापासून पुन्हा मोज, दुरुस्त आकडे त्या कंपनीला लेखी कळव आणि ठरलेल्या दिवशी दोन्ही मूळ लॉगबुकं घेऊन जा. बाकीचं पत्र हे कसं करायचं आणि का करायचं, यासाठीच आहे.

खोटारडा ठरलो का, असं विचारलंस. त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण तुझ्या फॉर्ममध्ये तीन वेगवेगळ्या जातीच्या चुका आहेत. एक्सेलची बेरीज चुकली ती निव्वळ चूक. सिम्युलेटरचे तास टोटलमध्ये आले आणि अमेरिकेतले पीआयसी जसेच्या तसे उचलले गेले, हे नियम नीट न वाचल्यामुळे झालं. पण २७२ चे २७५ झाले ते आपोआप झाले नाहीत, तिथं तू हाताने आकडा वाढवलास. तीन तासांनी कुठलीही नोकरी मिळत नाही, हे तुलाही त्या रात्री ठाऊक असणार. तरीही केलंस. हे मनाशी कबूल कर आणि पुढे चल. एक मात्र लक्षात घे: काल संध्याकाळपर्यंत जी चूक होती, ती आता तुला माहीत आहे. आता गप्प राहिलास तर तिला चूक म्हणता येणार नाही.

आता हिशेबाकडे येऊ. तुझ्या पत्रासोबत लॉगबुकांच्या पानांचे फोटो होते म्हणून बरं झालं, मला बसून मोजता आलं.

आधी एक्सेल. विमानाचा वेळ आपल्याकडे तास आणि मिनिटांत लिहितात, अमेरिकेत तासाच्या दहाव्या भागात. तिथला ०.१ म्हणजे सहा मिनिटं. म्हणजे १ तास २० मिनिटं हे दशांशात १.३३ होतात, १.२० नव्हे. तू बारामतीच्या अठरा सॉर्टींची, म्हणजे उड्डाणांची, मिनिटं पूर्णविराम देऊन तशीच टाकलीस. एक्सेलला वाटलं हे शंभराचे भाग आहेत. १:२०, १:३५ आणि ०:५० यांची खरी बेरीज ३:४५, पण १.२०, १.३५ आणि ०.५० टाकले की उत्तर येतं ३.०५. अठरा सॉर्टींमध्ये तुझे पूर्ण तास १३ आहेत आणि सुटी मिनिटं ५२५, म्हणजे पावणेनऊ तास. एक्सेलने ती सव्वापाच तास धरली. इथे तुझंच साडेतीन तासांचं नुकसान झालं होतं. हे कंपनीला सांगताना संकोचू नकोस. ज्याला तास फुगवायचे असतात, तो स्वतःचे साडेतीन तास गाळत नाही.

पुन्हा एक्सेल वापरणार असशील तर वेळ नेहमी अपूर्णविराम देऊन टाक, १:२० असा. आणि बेरजेच्या रकान्याच्या फॉरमॅटमध्ये तासांच्या ‘एच’भोवती चौकोनी कंस घाल. नाहीतर चोवीस तास भरले की एक्सेल पुन्हा शून्यापासून सुरू करतं आणि २५३ तासांची बेरीज तेरा तास दाखवतं. या एका कंसामुळे रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

सिम्युलेटरचं थोडक्यात सांगते. तिथं घालवलेला वेळ खरा आहे, शिकणंही खरं आहे, लायसन्ससाठी त्यातला काही भाग ठरावीक मर्यादेत धरलाही जातो. पण तो उड्डाणाचा वेळ नाही. उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हललं तिथपासून उड्डाण संपवून शेवटी थांबलं तिथपर्यंत. सिम्युलेटर जागचं हलत नाही. फॉर्ममध्ये त्याला वेगळा चौकोन असतो, नसला तर टोटलमध्ये घालायचा नाही. तुझे अमेरिकेतले विमानातले तास २५४.० वजा २२.४, म्हणजे २३१.६. तास-मिनिटांत २३१:३६. त्यात बारामतीचे २१:४५ मिळवले की २५३:२१. ऑफिसातल्या त्या सरांनी हेच काढलं होतं. डीजीसीएच्या फाइलमध्ये २५३ आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये २७५, मध्ये एकही नवी सॉर्टी नाही. तपासणारा माणूस कितीही घाईत असला तरी त्याची नजर पहिल्यांदा इथेच अडकेल.

खरी अडचण पीआयसीची आहे. अमेरिकेहून येणारी निम्मी मुलं इथेच फसतात, आणि त्यात त्यांचा दोष कमी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या एफएआर ६१.५१ या नियमात विमानाचा कमांडर असणं आणि पीआयसीचे तास लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या विमानाचं रेटिंग (ते उडवायची पात्रता) तुझ्याकडे आहे, त्याचे कंट्रोल्स जेवढा वेळ एकट्या तुझ्या हातात आहेत, तेवढा वेळ तिथं पीआयसीच्या रकान्यात लिहिता येतो. शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असला तरीही. म्हणजे प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्यासाठी) तू इन्स्ट्रक्टरबरोबर जो एक तास उडालास, तो ड्युअलमध्येही (इन्स्ट्रक्टरबरोबरच्या तासांत) लागतो आणि पीआयसीमध्येही. तिथं हे अगदी कायदेशीर आहे. तुझ्या तिथल्या इन्स्ट्रक्टरने काही वावगं केलेलं नाही.

आपल्याकडे तसं नाही. लॉगबुक कसं लिहायचं यासाठी विमान नियम, १९३७ मध्ये ६७-अ हा स्वतंत्र नियम आहे. इन्स्ट्रक्टर शिकवत असताना उडालेला वेळ ड्युअल म्हणून लिहायचा आणि काय शिकवलं त्याची नोंद इन्स्ट्रक्टरने करायची. एक तास एकाच रकान्यात. कंपनी भारतातली, फॉर्म भारतातला, तेव्हा पीआयसीचा अर्थही इथलाच.

हे तपासायची एक सोपी खूण आहे. ड्युअल आणि पीआयसी यांची बेरीज कर. ती टोटलपेक्षा जास्त आली तर काही तास दोनदा मोजले गेलेत. तुझ्या अमेरिकेच्या लॉगबुकात ड्युअल ११७.१ आणि पीआयसी १४९.३, बेरीज २६६.४. विमानातली टोटल आहे २३१.६. फरक ३४.८ तासांचा. मग मी प्रायव्हेट लायसन्सनंतरच्या सगळ्या ड्युअल सॉर्टी एकेक करून मोजल्या. त्या बरोबर ३४.८ भरल्या.

आणखी साडेआठ तास राहतात. मित्र बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हुड लावून इन्स्ट्रुमेंटचा सराव करत होता आणि तू सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघत बसला होतास. ठरावीक अटींवर अमेरिकेत हेही पीआयसीत लिहिता येतं. तू ते पीआयसीतून काढ आणि वेगळी ओळ करून दाखव. कुणी तुला विचारलं की विमान तू चालवत होतास का, तर ‘नाही’ म्हणावं लागेल असे तास पीआयसीच्या चौकोनात असू नयेत.

तेव्हा अमेरिकेतले पीआयसी १४९.३ मधून ३४.८ आणि ८.५ गेले की उरले १०६.० तास. बारामतीच्या पाच सॉर्टींचे ६:१५ मिळवले की ११२:१५. आता सगळा ताळा लावून बघ. ड्युअल दोन्हीकडचे मिळून १३२:३६, पीआयसी ११२:१५, सेफ्टी पायलट ८:३०. बेरीज २५३:२१. एका मिनिटाचाही फरक नाही. हा ताळा लागला तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण तुझं लॉगबुक मुळात स्वच्छ आहे. गोंधळ फक्त फॉर्ममध्ये आहे.

आता हे बघ. सीपीएलला एकूण २०० तास लागतात, त्यात १०० पीआयसी. कंपनीने मागितले २००. तू २५३ आणि ११२ घेऊन बसला आहेस. सेफ्टी पायलटचे साडेआठ तास कुणी टोटलमधूनही वगळले तरी २४४:५१ उरतात. खऱ्या आकड्यांवर तू पात्र होतास. त्या रात्री तुला एकही तास वाढवायची गरज नव्हती, हे वाचून तुला वाईट वाटेल. पण तुझी बाजू भक्कम आहे, हेही यातूनच कळतं.

गेल्या सहा महिन्यांचा चौकोन राहिला. तू १५ लिहिलेस, कारण सीपीएलच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत पंधरा तास लागतात आणि तो आकडा डोक्यात बसला होता. कंपनी विचारते ते फॉर्मच्या तारखेपासून मागचे सहा महिने. तिथून मागे मोजलं तर तुझ्या फक्त तीन सॉर्टी बसतात, ४:१० तासांच्या. लिहायला जड जातं, मला माहीत आहे. लायसन्स हातात आलं की पैसे संपलेले असतात, आणि विमान तासाच्या भाड्याने घ्यावं लागतं. भरती करणाऱ्यांनाही हे पाठ आहे. ४:१० वाचून ते तुझा सराव कमी आहे असं म्हणतील आणि सिम्युलेटर चाचणीत ते बघतील. १५ वाचून त्यांनी तारखा तपासल्या तर पुढचं काहीच बघणार नाहीत.

क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेली उड्डाणं) आणि नाइटचे चौकोनही उघडून बघ. अमेरिकेत बहुतेक लायसन्सांसाठी क्रॉस-कंट्री धरायला निघाल्या जागेपासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपलीकडे उतरावं लागतं, पण नुसत्या लॉगबुकातल्या नोंदीसाठी तिथली व्याख्या सैल आहे. शेजारच्या धावपट्टीवर उतरून परत आलेल्या फेऱ्या तुझ्या रकान्यात असतील तर त्या काढ. वेळेचंही बघ. काही लॉगबुकं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, काही स्थानिक वेळेत. ॲरिझोना यूटीसीच्या सात तास मागे आहे, आपण साडेपाच तास पुढे. संध्याकाळी सहाला केलेली सॉर्टी यूटीसीत दुसऱ्या दिवशीच्या तारखेला पडते. शाळेच्या नोंदीशी तारीख जुळत नाही म्हणून विनाकारण संशय येतो. लॉगबुकाच्या आतल्या पानावर कोणती वेळ वापरली आहे ते लिहून ठेव.

मोजणी कशी करायची ते सांगते, आणि इथे तुझ्या बाबांची गरज आहे.

अप्पा बळवंत चौकातून एक लांब रकान्यांचं रजिस्टर आण. आज रात्री जेवणं झाली की बाबांना सगळं सांग आणि रजिस्टर त्यांच्यासमोर ठेव. आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माणसाला ताळा न लागणं म्हणजे काय असतं, हे तुला शिकवावं लागणार नाही. दिवसअखेर फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, अशा शाखांमधून ते आले असतील. लॉगबुकातली एकेक ओळ तू वाच: तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, कुठून कुठे, किती वेळ, कोणता रकाना. त्यांनी लिहायचं. मग अदलाबदल करा, त्यांनी वाचायचं आणि तू टिक करायची. प्रत्येक पानाची बेरीज स्वतंत्र करा आणि मागच्या पानावरून पुढे आणलेला आकडा खरंच तोच आहे का ते बघा. दोन-तीन रात्री लागतील.

घर गहाण टाकलेला बाप चिडेल, ही तुझी भीती मी समजू शकते. चिडतीलही. पण पंधरा दिवसांनी तू हात हलवत परत आलास आणि कारण त्यांना बाहेरून कळलं, तर ते त्यांना जास्त लागेल.

पुढे आणलेल्या आकड्याबद्दल मी एवढं का बोलते, तेही सांगते. मी इन्स्ट्रक्टर म्हणून दुसरं वर्ष करत होते. एका पानाची अखेरची बेरीज ३१८:४० होती. पुढच्या पानाच्या माथ्यावर मी ती ३८१:४० लिहिली. एक आणि आठची अदलाबदल. त्रेसष्ट तास हवेतून आले, आणि पुढची चाळीसेक पानं ते तसेच वाहत गेले. एका कंपनीला अर्ज केला तोही त्याच आकड्यावर. मुलाखतीच्या आदल्या रात्री सहज मागची पानं चाळताना ते दिसलं. पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी तिथं पोचले आणि कुणी काही विचारायच्या आत, लॉगबुक त्या पानावर उघडून समोरच्या कॅप्टनपुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही पानं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दुरुस्त करून आण, सीएफआयची (मुख्य फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची) सही घे, मग बोलू. त्या भरतीत माझं झालं नाही. पुढच्या भरतीला, सात महिन्यांनी, त्याच कॅप्टननी माझी फाइल पहिल्यांदा काढली. ते सात महिने अवघड गेले. पण नंतरच्या एवढ्या वर्षांत कुणी माझं लॉगबुक मागितलं तेव्हा माझा हात थरथरला नाही.

लॉगबुकात दुरुस्ती करायची वेळ आली तर व्हाइटनर लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ, तो खाली वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि तुझी सही. बेरजा बदलत असतील तर जिथे फ्लाइंग झालं तिथल्या सीएफआयकडून ते प्रमाणित करून घे. तुझ्या बाबतीत लॉगबुकाला हात लावायची वेळ बहुधा येणार नाही. अमेरिकेतले पीआयसी तिथल्या नियमाने बरोबर लिहिलेत, ते तसेच राहू देत. फक्त शेवटच्या पानानंतर एक गोषवारा जोड, ज्यात इथल्या व्याख्येनुसार तेच तास कसे मांडले ते दिसेल.

आता कंपनीला पाठवायचा मेल. तो इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा साधा ठेव: मी अमुक तारखेला अमुक क्रमांकाचा अर्ज केला. कागदपत्रांची तयारी करताना माझ्या लक्षात आलं की मी दिलेले तास चुकीचे आहेत. टोटलमध्ये सिम्युलेटरचे २२:२४ धरले गेले, भारतातल्या सॉर्टींची बेरीज चुकली आणि उरलेला आकडा मी वर पूर्ण केला. पीआयसीमध्ये अमेरिकेच्या नियमाने लिहिलेले ड्युअलचे आणि सेफ्टी पायलटचे तास होते. सहा महिन्यांचा आकडाही चुकला. त्याखाली जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी. सोबत गोषवारा. चुकीबद्दल दिलगीर आहे, मूळ लॉगबुकं तपासणीला घेऊन येत आहे. बस. घरची परिस्थिती, कर्ज, शेवटच्या दिवसाची घाई, यातलं काही लिहू नकोस. आणि ‘उरलेला आकडा मी वर पूर्ण केला’ हे वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नकोस. २७२ आणि २७५ मधला फरक त्यांना दिसणारच आहे.

पोर्टलवर फॉर्म पुन्हा उघडून दुरुस्त करायची सोय असेल तरी नुसता आकडा बदलून थांबू नकोस, मेलही पाठव. मेलची प्रिंट फाइलमध्ये लाव. समोर बसलेल्या माणसाने मेल वाचला नसेल तर तूच आधी सांग.

तुझा मित्र म्हणतो सगळेच चढवतात. सगळे चढवत नाहीत. पण काही चढवतात, आणि हा रोग जुना आहे. अमेरिकेत अशा पेनाने उडवलेल्या तासांना ‘पार्कर पी-५१’चे तास म्हणतात. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान आणि पार्कर ५१ हे पेन. आपल्याकडे २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर मिळवलेल्या लायसन्सची प्रकरणं बाहेर आली, आणि त्याच वर्षी राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये न उडालेले तास लॉगबुकात चढवल्याचा तपास झाला. त्यात अटका झाल्या. तेव्हापासून तपासणारे नुसतं लॉगबुक बघत नाहीत. विमानाचं स्वतःचं लॉगबुक असतं, शाळेची उड्डाणनोंदवही असते, आता ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या नोंदी आहेत. एका सॉर्टीच्या तीन-चार ठिकाणी खुणा राहतात.

पण पकडला जाशील, एवढंच कारण मला तुला द्यायचं नाही. पीआयसीचे तास म्हणजे तू एकटा असताना घेतलेल्या निर्णयांचे तास. ढग खाली आले, परत फिरायचं की पुढे जायचं. इंजिनाचा आवाज बदलला, कुठल्या शेताकडे बघायचं. कंपनीचा ट्रेनर १५५ वाचतो आणि तेवढी सवय तुला आहे असं धरून शिकवायला लागतो. तुझे ११२ आहेत. फरक पावणेत्रेचाळीस तासांचा आहे, तुझ्या खऱ्या पीआयसीच्या एक-तृतीयांशाहून जास्त. ट्रेनर चुकीच्या पायावर शिकवायला लागला तर त्याचा त्रास तुलाच होईल, आणि पुढे तुझ्या शेजारी बसणाऱ्या कॅप्टनला आणि मागे बसलेल्यांना.

तू विचारलं नाहीस, पण फॉर्ममध्ये आणखी एक चौकोन असतो: यापूर्वी कुठली फ्लाइट टेस्ट नापास झालात का? तुझ्या फोटोंमध्ये अमेरिकेतल्या इन्स्ट्रुमेंट टेस्टच्या दोन तारखा दिसतात, तीन आठवड्यांच्या अंतराने. पहिली बहुधा नापास झाली असावी. त्या चौकोनात तू काय लिहिलंस ते पत्रात नाही. ‘नाही’ लिहिलं असशील तर तेही याच मेलमध्ये दुरुस्त कर. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी ह्यूस्टनजवळ ॲटलास एअरचं बोइंग ७६७ मालवाहू विमान कोसळलं, विमानातले तिघेही गेले. अमेरिकेच्या तपास मंडळाच्या अहवालात फर्स्ट ऑफिसरने आधीच्या नोकऱ्यांमधलं प्रशिक्षणातलं अपयश कंपनीपासून लपवल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. एक टेस्ट नापास होणं फार सामान्य गोष्ट आहे. मी स्वतः कितीतरी मुलांना नापास केलं आणि ती आज उत्तम कॅप्टन आहेत. कुठे चुकलं आणि पुढे काय सुधारलं, हे दोन वाक्यांत सांगता येईल अशी तयारी करून जा.

हे सगळं करूनही ही कंपनी तुला यावेळी वगळू शकते. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. काही ठिकाणी फॉर्ममधली तफावत दिसली की पुढचं ऐकून घेत नाहीत. तसं झालं तरी तुझं लायसन्स तुझ्याकडे आहे, डीजीसीएच्या फाइलमधला आकडा बरोबर आहे आणि दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मात तू २५३:२१ लिहिशील. दोन कंपन्यांना दोन वेगळे आकडे जाणं मात्र कायमचं टाळ. इथून पुढे तो गोषवारा दर महिन्याच्या शेवटी एकदा भर, नवी सॉर्टी नसली तरी तारीख घालून. फॉर्म भरायच्या रात्री मग बेरीज करावी लागणार नाही, नुसतं उतरवून काढायचं.

जायच्या दिवशी फाइलमध्ये सगळ्यात वर गोषवारा ठेव, त्याखाली मेलची प्रिंट, मग लायसन्सच्या अर्जाची प्रत. लॉगबुकांच्या ज्या पानांवर रकाना बदलला त्यांना रंगीत चिठ्ठ्या लाव. अमेरिकेच्या शाळेला आजच मेल करून तिथल्या प्रशिक्षणाच्या नोंदी मागव, यायला वेळ लागतो. आणि मोजणी झाली की बाबांनी काढलेली टोटल मला कळव. माझी २५३:२१ आहे. मिनिटाचाही फरक आला तर सांग, मी पुन्हा बसेन.

तुझी,
मॅडम